संस्थेतल्या कर्मचाऱ्यांची ओळख : तक्ता भरला, पण पुढे काय?

प्रश्न (नंदुरबार)

आमची संस्था अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत बालपोषणाचे काम करते. २६ कर्मचाऱ्यांपैकी १७ जण पाड्यांवर काम करतात आणि ते बहुतेक पावरा, भिल्ल कुटुंबांतले आहेत; कार्यालयातले आम्ही नऊही जण जळगाव, धुळे, नाशिककडचे. निधी देणाऱ्यांनी यंदा कर्मचाऱ्यांमधील विविधतेचा तक्ता मागितला. मुदत संपत आल्याने मी हजेरीपट पुढे घेऊन आडनावांवरूनच रकाने भरले आणि यावलहून आलेल्या आमच्या तडवी सहकाऱ्याला फक्त 'अल्पसंख्याक' या रकान्यात टाकले. तक्ता पाहून तो रागावला नाही. "मॅडम, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," एवढेच म्हणाला. तेव्हापासून मला स्वस्थ वाटत नाही. कागदावर आमची संस्था उत्तम दिसते, पण सोमवारच्या नियोजन बैठकीत त्या १७ जणांपैकी कोणीही नसते. ओळख विचारावी कशी आणि विचारल्यावर काय करावे?

उत्तर (चोपडा)

ताई, यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातींच्या यादीतही आहेत, म्हणजे तुमचा सहकारी दोन्ही रकान्यांत बसतो. अक्कलकुव्याकडे हेच आडनाव लावणारा माणूस मुसलमान असेलच असे नाही. त्यामुळे आडनावावरून अंदाज बांधणे खानदेशात तरी सोडूनच द्यावे. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने भरायला कागद द्या, एकापेक्षा जास्त रकाने निवडण्याची आणि 'सांगायचे नाही' असे लिहिण्याची मोकळीक ठेवा, आणि तो कागद कोण वाचणार हे आधीच सांगा.

उत्तर (धडगाव)

मी स्वतः पावरा आहे आणि अशाच एका संस्थेत आठ वर्षे पाड्यांवर काम केले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तेव्हा स्थानिक माणसे कामाला घेतली की तक्ता आपोआप भरतो. त्याचे श्रेय संस्थेने घेऊ नये.

एक प्रसंग सांगते. एका आईने मला पावरीत सांगितले की दिवाळीनंतर आम्ही सगळे ऊसतोडीला गुजरातेत जाणार, मग बाळाचे वजन तिथे कोण करणार? आमच्या मराठी फॉर्ममध्ये बाळ न आणण्याच्या कारणांचे चारच पर्याय होते, त्यातला जवळचा म्हणून 'पालक उदासीन' यावर मला खूण करावी लागली. तो फॉर्म ज्या बैठकीत ठरला, तिथे पावरी समजणारे कोणीही नव्हते. पुढे समन्वयकाची जागा निघाली तेव्हा अट होती संगणकावर मराठी-इंग्रजी अहवाल लिहिण्याची. पावरी किंवा भिली येण्याची अट नव्हती, जरी सगळे काम त्याच भाषांत चालते. जागा नाशिकच्या मुलीला मिळाली. ती चांगली होती, पण पहिले वर्षभर तिच्यासाठी दुभाष्याचे काम मीच केले आणि माझा पगार होता तेवढाच राहिला.

होळीच्या सुट्टीचेही तसेच आहे. भोंगऱ्या बाजारापासून आमचे होळीचे दिवस सुरू होतात आणि काठी गावची होळी रात्रभर चालून पहाटे पेटते. कार्यालयाच्या यादीत मात्र सुट्टी एकाच दिवसाची, आणि जास्त दिवस मागणारा कामचुकार ठरतो.

उत्तर (धुळे)

राज्यघटनेच्या कलम १६(४) मधील आरक्षण शासकीय नोकऱ्यांपुरते आहे. खासगी निधीवर चालणाऱ्या संस्थेने हे स्वतःहून ठरवावे लागते. मात्र २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि स्त्रीला तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहून घेण्यास मदत करणे हेही समितीचे काम आहे. तुमच्या समितीत पावरी किंवा भिली जाणणारी एकही सदस्य नसेल, तर ही मदत मिळणार कशी? माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. निधी देणाऱ्यांना दुरुस्तीचे पत्र पाठवले आहे. पाठवण्याआधी त्या सहकाऱ्याने ते वाचून एक शब्द बदलून घेतला. समन्वयकाच्या जागेसाठी पावरी किंवा भिली येणे आवश्यक धरावे, आणि अहवाल लेखनाचे प्रशिक्षण नेमणुकीनंतर संस्थेच्या खर्चाने द्यावे, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवते आहे. येत्या सोमवारची बैठक धडगावला घेत आहोत. धडगावच्या ताई, आमचा फॉर्म त्या दिवशी तुम्ही पाहून द्याल का? त्याचे मानधन संस्था देईल.