साडेचारला घसरगुंडी तापलेली असते

ए-३०४ : नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. लेकीच्या बालवाडीला परवापासून सुट्टी लागली. साडेतीन वर्षांची आहे. आम्ही दोघंही नऊला बाहेर पडतो, घरी सासूबाई असतात. एवढ्या लहान मुलांना घेणारा एखादा समर कॅम्प माहीत आहे का कुणाला? काल दिवसभरात चारेक तास मोबाइल बघितला, संध्याकाळी साडेपाचला झोपली आणि मग रात्री साडेबारापर्यंत जागी. सासूबाईंचा पार जीव गेला.

सी-१०२ : कॉलेज रोडला चौकशी केली होती मी. बहुतेक ठिकाणी पाच वर्षांपुढची मुलं घेतात.

बी-२०१ : आम्ही गेल्या वर्षी धाकट्याला एका ठिकाणी घातलं होतं. सुटायची वेळ दुपारी एक. भर उन्हात रिक्षाने आणायचं. चौथ्या दिवशी तापाने फणफणला, तेव्हाच बंद केलं.

बी-१०४ : अगं ए-३०४, तुझा मेसेज वाचल्यापासून मनात घोळतोय म्हणून सविस्तर लिहिते. अठ्ठावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, त्या हक्काने सांगते. साडेतीन वर्षांच्या पोरीला कॅम्प नको आहे. तिला रोज एकसारखा जाणारा दिवस हवा आहे. बालवाडीत तिला डबा कधी, गाणी कधी, आई कधी येणार हे सगळं ठाऊक होतं. सुट्टी लागली आणि ते एकदम नाहीसं झालं. त्यामुळे ती किरकिर करते, आणि किरकिर थांबवायला हातात मोबाइल जातो.

नाशिकचं एक बरं आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपर्यंत गेला तरी पहाट गार असते. सात ते साडेआठ हा वेळ सोन्यासारखा आहे आणि आपली मुलं तेव्हा पडदे लावून झोपलेली असतात. आधी तिला साडेसहाला उठव. पहिले दोन दिवस रडेल. तिसऱ्या दिवसापासून दुपारी एकला आपोआप पेंगेल, आणि दुपारची झोप तीनच्या आत संपली की रात्री नऊ-साडेनऊला डोळे मिटतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप, दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला, असं सांगितलं आहे. हालचालीचे हे तीन तास एका दमात नाही भरायचे. सकाळी दीड तास खाली, दुपारनंतर घरातल्या घरात, संध्याकाळी सहानंतर पुन्हा खाली. सहज होतात.

आणि खेळणी आणू नकोस. एका घमेल्यात तांब्याभर पाणी, दोन वाट्या, एक गाळणी आणि जुना स्पंज दे. स्पंज बुडवायचा, दुसऱ्या वाटीत पिळायचा. पाऊण तास मान वर करणार नाही. बालवाडीत मी हे शेकडो मुलांबरोबर केलंय. मनगटात जोर येतो, पुढे पेन्सिल धरायला तोच कामी येतो. खेळ झाला की ते पाणी तुळशीला. मात्र मूल पाण्याशी असताना मोठ्या माणसाने हलायचं नाही आणि बादली भरलेली ठेवायची नाही. या वयाची मुलं डोक्याने जड असतात, बादलीत वाकली की सावरता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा धोक्याचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं नव्हतीच. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मुलं शिकली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्याकडे अंगण आहे, फक्त वेळ चुकतेय.

सी-१०२ : काकू, अगदी बरोबर. पण खेळायच्या जागेचं बोलायलाच हवं. परवा साडेचारला आमचा मुलगा हाफपँटमध्ये घसरगुंडीवर बसला आणि किंचाळला. पोटऱ्या लालबुंद. मी हात लावून बघितला, दोन सेकंद ठेववेना. पत्र्याची घसरगुंडी, वर सावली नाही, खाली काळे रबरी मॅट. साडेचार म्हणजे ऊन उतरलं असं आपण समजतो, पण पत्रा उतरलेला नसतो.

डी-४०२ : मी बालरुग्ण विभागात नर्स आहे म्हणून दोन शब्द. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि ती पाणी मागत नाहीत, खेळात विसरतात. दर अर्ध्या तासाला आपणच दोन घोट द्यायचे. लघवी गडद पिवळी किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर समजायचं पाणी कमी पडलंय. पन्हं, ताक, कोकम सरबत सगळं चालेल. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं, मोठ्या पाकिटाला एक लिटर. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सुस्त पडलं, अंग भट्टीसारखं लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर कपडे सैल करून अंगावर गार पाणी शिंपडत थेट दवाखाना. गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि गाडीत ‘दोन मिनिटांसाठी’ म्हणूनसुद्धा मुलांना सोडू नका, काच थोडी खाली केली तरी.

ए-३०४ : खूप धन्यवाद सगळ्यांना. पण काकू, खरं सांगते, सकाळी डबे, आंघोळी, सासऱ्यांची औषधं. सातला तिला घेऊन खाली बसणं मला रोज जमणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. काय करायचं कळतच नाही, आणि दिवसभर ऑफिसात अपराधी वाटतं.

बी-१०४ : तू एकटीने का करायचं ते? मी रोज सातला खालीच असते. तिला लिफ्टमधून सोड, साडेआठला घेऊन जा. अजून दोन पालक पाळीपाळीने थांबले तर आठ-दहा मुलं सहज सांभाळता येतील. एकट्या माणसावर मी एवढी मुलं घेणार नाही, ते नीट नाही.

बी-२०१ : मंगळवार-शुक्रवार माझे. घरूनच काम असतं, दहाला सुरू होतं.

ए-१०१ (आजी) : गव्हाचा चीक मी सोमवारी काढणार आहे. गहू तीन दिवस भिजताहेत. सकाळी गच्चीवर कुरडया घालायच्या, मुलांना पाठवा. गरम चीक तूप-साखर घालून वाटीत देईन. आणि नंतर कावळे हाकायचं काम त्यांचं. माझी नातवंडं तेवढ्यासाठी गावाहून यायची.

डी-४०२ : आजी, नऊच्या आत आटपा हं, गच्चीचा कोबा लवकर तापतो. चपला घालूनच.

सी-१०२ : पेठ रोडकडून करवंदं घेऊन बायका यायला लागल्या की पानाच्या द्रोणातली आणू. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आमच्या मुलाला अजून माहीतच नाही हा खेळ.

बी-१०४ : बिया काढून द्यायच्या, तीन वर्षांखालच्यांना तर नक्कीच. द्राक्षांचेही उभे चार तुकडे करूनच. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. आपल्या नाशकात घरोघरी द्राक्षं असतात म्हणून मुद्दाम सांगते.

ए-३०४ : आणि दुपारी एक ते तीन झोपवायचं म्हणता, पण आमच्या वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू आहे. ड्रिल बरोबर दीडला सुरू होतो.

सेक्रेटरी, सी-३०३ : वाचतोय सगळं. नियमात दोन ते चार शांतता आहे, ती उद्यापासून एक ते चार करतो, ३१ मेपर्यंत. कंत्राटदाराशी आजच बोलतो. खेळाच्या जागेवर हिरव्या जाळीचं काम रविवारच्या आत करून घेऊ, खर्च देखभाल निधीतून. तोपर्यंत सहाच्या आधी घसरगुंडी दोरी बांधून बंद. कुणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

बी-१०४ : माझी एक विनंती. सकाळी सात ते साडेआठ गाड्या मागच्या गेटने काढा. मुलं मधूनच धावतात.

सी-३०३ : ठीक आहे, वॉचमनला सांगतो.

बी-१०४ : उद्या सातला, गुलमोहराखाली. एक वाटी, एक जुना टॉवेल, पाण्याची बाटली, टोपी. बाकी काही नको.

ए-३०४ : हो काकू. सासूबाई म्हणताहेत, खुर्ची मिळाली तर त्याही येऊन बसतील.

बी-२०१ : खुर्ची मी आणतो.