स्पेक्ट्रमचा खंड आणि दहा रुपयांचा समभाग

चर्चाप्रस्ताव

मार्च २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने व्होडाफोन आयडियाकडची स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचे पट्टे) लिलावाची ३६,९५० कोटी रुपयांची थकबाकी समभागांत बदलून घेण्याचे ठरवले आणि कंपनीतला सरकारचा वाटा २२.६ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. बाजारात सात रुपयांच्या आसपास मिळणारा समभाग सरकारने दहा रुपयांना धरला. दर्शनी मूल्याखाली, म्हणजे समभागाच्या मूळ नोंदवलेल्या किमतीखाली (इथे दहा रुपये), समभाग सहसा देता येत नाहीत, हे कायदेशीर कारण मला मान्य आहे. पण ३,६९५ कोटी समभागांवर प्रत्येकी तीन रुपये धरले, तर हा फरक अकरा हजार कोटींच्या घरात जातो, आणि तो कोणाच्या खात्यातून गेला हे विचारायलाच हवे.

इथे मला अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचा खंड सिद्धांत आठवतो. खंड म्हणजे जमीन वापरण्याबद्दल कुळाने मालकाला द्यायचा मोबदला. स्पेक्ट्रम कोणाच्या श्रमातून निर्माण झालेला नाही. जमिनीसारखाच तो निसर्गदत्त आणि मर्यादित आहे. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, तर धान्य महाग असते म्हणून खंड मिळतो, असे रिकार्डो सांगतो. ते खरे असेल तर खंड सोडल्याने ग्राहकाचे रिचार्ज स्वस्त होत नाही, सोडलेली रक्कम कुळाच्याच पदरात पडते. इथे कूळ म्हणजे भांडवलदार, आणि जमीनमालक आपण सगळे.

प्रतिसाद १

रिकार्डोचा आधार घ्यायचा, तर तो सिद्धांत आपल्याच मातीत कसा वठला तेही पाहू. प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात याच सिद्धांतावर शेतसारा बसवला. जमिनीची मोजणी झाली, प्रतवारी झाली, निव्वळ उत्पन्न काढले गेले आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे ठरले. कागदावरचे उत्पन्न शेतात आलेच नाही, धान्याचे भाव पडले आणि जमिनी पडीक राहू लागल्या. शेवटी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात दर उतरवून ते तीस वर्षांसाठी कायम केले, तेव्हा पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली.

स्पेक्ट्रम लिलावातल्या बोलीही अशाच अपेक्षित उत्पन्नावर लागल्या होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइल सेवेचे दर कोसळले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाची (ज्या उत्पन्नावर दूरसंचार कंपन्यांचे सरकारी शुल्क मोजले जाते त्याची) सरकारची व्याख्या उचलून धरल्यावर जुनी थकबाकी, व्याज आणि दंड एकदमच अंगावर आले. पीक बुडालेल्या वर्षी जुनाच खंड मागणारा मालक शहाणा म्हणायचा का?

प्रतिसाद २

दोघेही समभागाला संपत्ती समजून बोलत आहात. मार्क्स त्याला काल्पनिक भांडवल म्हणतो, म्हणजे पुढे मिळू शकणाऱ्या उत्पन्नावरचा केवळ हक्क. कंपनी बुडाली असती तरी टॉवर, केबल आणि तंत्रज्ञांचे कौशल्य यांचे उपयोगमूल्य एका रात्रीत नाहीसे झाले नसते. नवा मालक ते कमी किमतीत घेऊन चालवू शकला असता. वाचले ते कागदावरचे हक्क.

चर्चाप्रस्तावक

प्रतिसाद २ शी मी बराचसा सहमत आहे. इंदापूरचा दाखला मात्र माझ्याच बाजूने बोलतो, असे मला वाटते. तिथे दर उघडपणे उतरवले गेले, आणि ते तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्यासाठी होते. इथे सूट दिली असे कुठेच लिहिलेले नाही. सात रुपयांची वस्तू दहाला घेतली म्हणून येणे वसूल झाले, असा हिशेब दिसतो.

प्रतिसाद १

हिशेब उघड मांडावा, हे मान्य. पण खंडाचा किमतीशी संबंध नाही हा नियम पुष्कळ कुळांची स्पर्धा गृहीत धरतो. खासगी क्षेत्रात तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत. त्यांतली एक गेली, तर ॲडम स्मिथ सांगतो ती मक्तेदारीची किंमत, म्हणजे ग्राहकाकडून पिळून काढता येईल तेवढी, लागू होते. मग तिसऱ्या कंपनीचे मोल तिच्या समभागात मोजायचे की उरलेल्या दोघींच्या रिचार्जच्या दरात?