तडीपारी, एमपीडीए की मोक्का? टोळीवर नेमकं काय चालतं?

हडपसरकर: पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडणारी पोरं पकडली की बातमीत कधी तडीपारी, कधी एमपीडीए, कधी मोक्का. फरक काय? आणि एवढं होऊनही ती परत चौकात कशी दिसतात?

काळा_कोट: तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 55 ते 57 खाली, कमाल 2 वर्षं. कलम 55 अख्ख्या टोळीलाच लागतं. पण ही हद्दपारी आहे, कोठडी नाही. गडी रात्री घरी येऊन झोपतो, बीटवरच्या पोलिसानं तपासलं नाही तर सगळं कागदावरच. एमपीडीए (1981) म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्धता, जास्तीत जास्त 12 महिने.

मोक्का (1999), म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, सगळ्यात जड. टोळीवर मागच्या 10 वर्षांत किमान दोन दोषारोपपत्रं हवीत, न्यायालयानं दखल घेतलेली, गुन्हे 3 वर्षं किंवा जास्त शिक्षेचे. दोन्ही प्रत्येक पोरावरच हवीत असं नाही, टोळीवर असली तरी पुरतं. मात्र त्या पोराचा टोळीशी धागा जोडावा लागतो, आणि घोडं तिथंच अडतं. भाईच्या वाढदिवसाच्या रीलमध्ये दिसला, एवढ्यावर भागत नाही.

पंचनामा: एमपीडीए उच्च न्यायालयात बहुतेक वेळा कागदांवरच मार खातं. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत विनाकारण महिने गेलेले. गोपनीय साक्षीदारांचे दोन जबाब शब्दशः सारखे. स्थानबद्ध केलेल्याच्या निवेदनावर निर्णयाला उशीर. किंवा मूळ भांडण दोघांतलं, त्यानं सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली हे दाखवलेलंच नाही.

गाड्यांचं म्हणाल तर नुकसानीचा आकडा बघा. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 324 मध्ये 1 लाखाच्या आत नुकसान असेल तर शिक्षा 2 वर्षांपर्यंतच, म्हणजे तेवढ्यावर तो गुन्हा मोक्कासाठी मोजता येत नाही. 1 लाख किंवा वर गेलं की 5 वर्षांपर्यंत. त्यामुळे काचा फुटलेल्या प्रत्येक मालकाचा जबाब आणि गॅरेजचं बिल घ्यायला हवं. एकाच फिर्यादीवर उरकलं की केस तिथंच हलकी होते.

हडपसरकर: आणि सतरा वर्षांचा असेल तर?

काळा_कोट: म्हणूनच कोयता त्याच्या हातात देतात! खुनाच्या प्रयत्नाला किमान 7 वर्षं शिक्षा ठरलेली नाही, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार तो 'निर्घृण' गुन्हा ठरत नाही आणि त्याला प्रौढ म्हणून चालवता येत नाही. पोराला ठेवतात निरीक्षणगृहात, भाई बाहेर. खरं तर बाल न्याय अधिनियमाचं कलम 83(2) भाईसाठीच आहे: मुलांना गुन्ह्यात वापरलं तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर 5 लाख दंड. फिर्यादीत ते पहिल्याच दिवशी लावून घ्या आणि पोराचे फोन रेकॉर्ड लगेच मागवा.