मदत हवी आहे: नवीन सेडान मागच्या सीटवर फार आदळते, १९ इंची रन-फ्लॅट काढून १८ इंची टायर टाकू का?

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय. पाच महिन्यांपूर्वी आम्ही आमची पहिली लक्झरी सेडान घेतली, पेट्रोल ऑटोमॅटिक, वरचं व्हेरिएंट, आत्तापर्यंत ४,२०० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना हाच त्रास येतो असं वाचलंय आणि मला भांडण नकोय, उपाय हवाय.

गाडी घेण्याचं मुख्य कारण आई. तिच्या कमरेच्या मणक्यांचा त्रास जुना आहे, आधीच्या हॅचबॅकमध्ये तासभर बसलं की उतरल्यावर दाराला धरून दोन मिनिटं तशीच उभी राहायची, मग हळूहळू चालायला लागायची. ते बघून बघून ठरवलं की आता घ्यायची तर आरामाचीच गाडी घ्यायची. टेस्ट ड्राइव्हला मात्र मी स्वतः चालवली, गुळगुळीत रस्त्यावर, आणि आईला मागे बसवून बघायचं राहूनच गेलं. ते तेव्हाच करायला हवं होतं, तुमच्यापैकी कोणी घेणार असेल तर कृपा करून जो मागे बसणार आहे त्याला घेऊनच जा.

आता होतंय काय, तर मोठा उंचवटा किंवा पसरट खड्डा गाडी छान पचवते, तक्रार नाही. त्रास होतो तो छोट्या आणि कडक धारेच्या गोष्टींचा, म्हणजे पुलाचे सांधे, मॅनहोलची झाकणं, उखडलेल्या डांबराची कड, ओळीने असलेले रम्बलर. ठाप ठाप असा कोरडा दणका येतो आणि तो सीटमधून थेट पाठीत जातो, पुढच्या सीटवर त्याच्या निम्मासुद्धा जाणवत नाही. मागच्या रविवारी नवऱ्याला चालवायला सांगून मी मुद्दाम आईशेजारी बसले, चाळीसेक किलोमीटर गेलो. तिचा एक हात सगळा वेळ वरच्या हँडलला घट्ट आवळलेला होता, दुसरा तळवा सीटवर दाबलेला, आणि सांधा यायच्या आधी ती कंबर सीटवरून बोटभर उचलून धरत होती. बोलत मात्र होती नेहमीसारखी, हसतखेळत. मी विचारलं तर म्हणाली, "गाडी छान आहे गं, माझंच शरीर थकलंय आता." घरी आल्यावर बघितलं तर जुन्या गाडीतली तिची चपटी उशी तिने या गाडीत आणून ठेवलेली, मला न सांगता. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

काय काय करून बघितलं ते सांगते. गाडीत कम्फर्ट मोड आहे, तो कायम चालूच असतो, पण नंतर मॅन्युअल नीट वाचल्यावर कळलं की आमच्या व्हेरिएंटला अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर (गरजेप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉक-अब्सॉर्बर) नाहीतच, म्हणजे मोड बदलला की स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर आणि गिअरबॉक्सचा स्वभाव बदलतो, सस्पेन्शन आहे तसंच राहतं. मी तीन महिने ते बटण दाबून फरक शोधत होते. शोरूमला दोनदा दाखवली, दोन्ही वेळा खालून तपासून दिली, काही ढिलं नाही, काही वाकलेलं नाही, "सेटिंगच स्पोर्टी आहे मॅडम, सवय होईल" एवढंच उत्तर.

टायर आहेत २४५/४० आर १९, चारही सारखेच, रन-फ्लॅट. म्हणजे हवा पूर्ण गेली तरी साधारण ८०च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, आणि त्यासाठीच त्यांची बाजूची भिंत जाड आणि ताठ केलेली असते, कारण हवा नसताना गाडीचं वजन तिलाच पेलायचं असतं. मला वाटतं गडबड इथेच आहे. त्यात २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ४० म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के, हिशोब केला तर ९८ मिलिमीटर येते. याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला २४५/४५ आर १८ येतात, तिथे ११० मिलिमीटर, आणि चाकाचा एकूण व्यास दोन्हीकडे जवळपास तेवढाच, एका मिलिमीटरचाही फरक पडत नाही, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडायचा प्रश्न नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हे दोन्ही साइज छापलेले आहेत.

तर विचारायचं आहे ते असं की १९ वरून १८ ला कोणी प्रत्यक्षात गेलंय का, आणि मागे बसणाऱ्याला खरंच फरक कळला का? नुसतं रिम बदलून रन-फ्लॅटच ठेवले तर पुरेल, की साधे टायर घेतल्याशिवाय उपयोग नाही? १८ इंची रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतला, ब्रेक आवळणारा भाग) घासत नाही ना हे कसं तपासता? आणि वॉरंटीबद्दल शोरूमने कोणाला काही लेखी दिलंय का, मला तोंडी "चालेल" म्हणालेत पण मेलला उत्तर नाही.

एक छोटी गोष्ट अजून, वेगळा धागा काढत नाही. बॅटरी चार्ज कमी असल्याचा मेसेज महिन्यात तीनदा आला आणि स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं) तर आठ दिवस चालतच नाहीये. रोजचं रनिंग जेमतेम चार-पाच किलोमीटर असतं, आठवड्यात तीन-चार दिवस. मागून बसवलेला डॅशकॅम आहे, त्याचा पार्किंग मोड चालू असतो, म्हणजे गाडी उभी असतानाही तो बॅटरीवर चालतो.

बाकी गाडीवर आमचा जीव आहे हो. आतली शांतता अशी की आई मागून हळू बोलली तरी पुढे ऐकू येतं, रात्रीचे दिवे अप्रतिम आहेत, पुढची सीट तर चार तासांनीही थकवत नाही. काळ्या चकचकीत पॅनलवर बोटांचे ठसे आणि बारीक चरे पडतात, पण त्याचं मी मनाला लावून घेत नाही.

अपडेट, सहा दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यापैकी तिघांनी पहिला प्रश्न एकच विचारलात, थंड टायरमध्ये हवा किती आहे, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. टायरच्या हवेची सूचना देणाऱ्या गाडीतल्या मॉनिटरने काही सांगितलं नाही म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, गेज लावला. चारही टायर ४४-४५ पीएसआय! स्टिकरवर दोन माणसांसाठी पुढे २.२ बार आणि मागे २.४ बार आहे, म्हणजे ३२ आणि ३५. मागे जवळजवळ दहा पीएसआय जास्त हवा घेऊन आम्ही पाच महिने फिरलो. तुम्ही लिहिलंत तसंच असणार, की गाड्या वाहतुकीत आणि यार्डात बरेच दिवस उभ्या राहतात तेव्हा टायर एका जागी चपटे पडू नयेत म्हणून जास्त हवा भरतात आणि डिलिव्हरीच्या आधी ती कमी करायची असते, ते आमच्या वेळी राहिलं. आणि मॉनिटर गप्प का, तर आमच्या गाडीतलं मॉनिटर हवा मोजतच नाही, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं फिरतंय का एवढंच बघतं, चारही सारखेच जास्त भरलेले असतील तर त्याला पत्ता लागत नाही. हवा स्टिकरप्रमाणे केली, मॉनिटर रीसेट केलं.

फरक खूप आहे. रम्बलरवर आता दणका नाही, नुसता थरथराट येतो. सपाट रस्त्यावर आईने हँडल सोडलं. पुलाच्या सांध्याला मात्र अजून धरते.

एकांनी सुचवलं होतं की मागची सीट मागच्या चाकांच्या अगदी जवळ येते, त्यांना पुढे बसवा. तेही केलं, पुढची सीट पूर्ण वर घेतली आणि कंबरेचा आधार थोडा बाहेर काढला. वर घेतल्यामुळे बसताना-उठताना गुडघ्यालाही सोपं गेलं तिला. म्हणाली, "इथून रस्ता दिसतो गं, काय येतंय ते आधी कळतं." इतके दिवस मागेच बसायची कारण नातू मागे असतो.

बॅटरीचंही बरंचसं सुटलं असं वाटतंय. मल्टिमीटरने सकाळी १२.२ व्होल्ट दाखवले होते, म्हणजे जेमतेम अर्धी. डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद केला, किल्ली गाडी उभी असते त्या भिंतीपलीकडेच लटकायची (इतकी जवळ असली की गाडी तिचा सिग्नल पकडून जागी होत राहते) ती आतल्या खोलीत नेली, आणि सलग दीड तास हायवेला फिरवून आणली. काल १२.६ होते आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं.

आता टायरचा प्रश्न उरला, पण घाई नाही, आहेत ते झिजेपर्यंत वाट बघायची तयारी आहे. अडलंय एका ठिकाणी. मी आणि आई दोघीच दर महिन्याला दीडशे किलोमीटर जातो, मधला बराच पट्टा सुनसान. साधे टायर टाकले आणि बाजूची भिंत फाटली तर पंक्चर किटचा उपयोग शून्य, ते फक्त तळाच्या बारीक भोकाला चालतं. स्टेपनी ठेवायला डिकीत खाचच नाही. ज्यांनी रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकलेत त्यांनी स्टेपनी, जॅक, पाना हे सगळं डिकीत नेमकं कुठे आणि कसं बांधून ठेवलंय, फोटो असतील तर प्लीज टाका.