माद्रिदहून सेगोव्हिया की आव्हिला? मदत हवी आहे

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं माद्रिदला 5 रात्री आहोत, मी, नवरा आणि सासू-सासरे. हॉटेल आतोचा स्टेशनजवळ बुक झालंय, गाडी भाड्याने घ्यायची नाहीये आणि दोन दिवस बाहेरच्या छोट्या गावांना द्यायचेत, पण रात्री परत माद्रिदलाच यायचंय. तोलेदो नक्की केलंय, आतोचाहून फास्ट ट्रेनने अर्धा-पाऊण तासात पोचतो आणि खालून जुन्या गावात चढायला सरकते जिने आहेत असं कळलं, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांची सोय झाली 😄

अडलंय ते दुसऱ्या दिवसावर. सेगोव्हियाचा रोमन जलसेतू सासऱ्यांना बघायचाच आहे, पण तिथलं फास्ट ट्रेनचं स्टेशन गावाबाहेर आहे, उतरून परत बस घ्यावी लागते, शिवाय ती ट्रेन चामार्तिनहून सुटते, आमच्या हॉटेलपासून पार दुसऱ्या टोकाला. माद्रिदमधल्या मोन्क्लोआ बस स्टँडहून थेट बस आहे, वेळ जास्त लागतो पण गावातच सोडते. आव्हिलाचा तटबंदीचा फोटो बघून मीच पाघळले, पण तटावर चढायचं म्हणजे पायऱ्या आल्याच. दोन्ही एका दिवसात कोंबायचं नाहीये, हे आधीच सांगते.

ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलंय का? सेगोव्हियात जलसेतूपासून आल्काझार किल्ल्यापर्यंतचा चढ सासूबाईंना झेपेल का, की सरळ टॅक्सी करावी? आणि बस बरी की ट्रेन?