डेस्कवर बसूनही बातम्यांचा त्रास होतो का?

प्रश्न (उपसंपादक, पुणे) : घटनास्थळी मी जात नाही, मात्र वार्ताहरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या अपघातांच्या, मृतदेहांच्या चित्रफिती पाहून त्यांतले छापण्याजोगे निवडणे हे माझे रोजचे काम आहे. अलीकडे झोप उडाली आहे. प्रत्यक्ष न पाहिलेल्या गोष्टींचा असा त्रास होऊ शकतो का?

समुपदेशक : होऊ शकतो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ मधील डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत, आघातोत्तर तणाव विकाराच्या (भीषण प्रसंगानंतर मनावर टिकून राहणाऱ्या ताणाचा आजार, पीटीएसडी) निकषांत पडद्यावर पाहिलेली दृश्ये एरवी धरली जात नाहीत. परंतु ती कामाचा भाग म्हणून पाहावी लागत असतील, तर धरली जातात. म्हणून तुम्हाला तो विकार जडला आहे, असे नव्हे. तरीही दुःस्वप्ने आणि दचकणे महिनाभर टिकले, तर मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

माजी वार्ताहर : ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. भर पावसात ढिगारा उपसताना पाहून आम्ही परतलो, तेव्हा कार्यालयात विचारणा झाली ती मजकूर किती कॉलम आहे याची. (चहा मात्र मिळाला.) तुमच्यासाठी एवढेच सुचवतो : फीत आधी आवाज बंद करून, लहान चौकटीत पाहावी, कारण किंकाळ्याच अधिक काळ डोक्यात राहतात, आणि फोनवरचे आपोआप डाउनलोड बंद ठेवावे.

वृत्तसंपादक : ही कामे पाळीपाळीने वाटून द्यावीत, अशी लेखी मागणी करा. तोंडी सांगितलेले डेडलाइनच्या गडबडीत कोणी लक्षात ठेवत नाही.