मदत हवी आहे: प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी नगरची. 17 वर्षं नर्सिंगमध्ये आहे. करोनात सलग ड्युट्या केल्या, मग पप्पा गेले, त्यांच्या आजारपणाचं कर्ज अजून फिटतंय. आता सुट्टीच्या दिवशीही अंथरुणातून उठवत नाही. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या सुरू आहेत.

पण आतून कोरडी पडलेय. उपासनेला जाते, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणते, जी लहानपणी पप्पांच्या मांडीवर बसून शिकले, आणि काहीच हलत नाही. चर्चच्या मंडळीत कुणाला सांगितलं तर 'विश्वास कमी पडतोय' असं ऐकावं लागतं. ते फार लागतं हो.

परवा बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 वाचला. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागतो, आणि देवदूत त्याला रागवत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. तिथे पहिल्यांदा रडू आलं.

असं थकून परत उभं राहिलेलं कुणी आहे का इथे? सुरुवात कशाने केलीत? पुणे-नगर भागात चार दिवस शांत राहता येईल अशी जागा किंवा मराठीत बोलणारे ख्रिस्ती समुपदेशक माहीत असतील तर कृपया कळवा.